मानपाड्याचा रिपीट कॉल

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडला. दुसरा डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला. हे आमच्याकडच्या कुठल्याही रिक्षावाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरला मात्र माहीत नव्हतं. त्याने 'मानपाडा' वाचलं, 'जिल्हा ठाणे' वाचलं आणि डोंबिवलीचा कॉल तिकडचे डेमो करणाऱ्या रतनऐवजी माझ्या नावावर टाकून मोकळा झाला.

म्हणून ऑगस्टातल्या त्या भुरभुरत्या सकाळी मी ठाण्याच्या मानपाड्यात, खांद्याला पिशवी, पिशवीत सपाट बुडाचं पातेलं, अशी 'नाथसागर हाइट्स' नावाची बिल्डिंग शोधत फिरत होते. शेवटी ग्राहकाला फोन लावला.

"मॅडम, मी खाली गेटवरच उभा आहे," तो म्हणाला. आवाज शांत, थोडा पेंगुळलेला.

"मीपण गेटवरच उभी आहे."

"मग दिसत कशा नाही?"

"तेच मी विचारतेय."

"तुमच्यासमोर काय आहे?"

"उड्डाणपूल. तुमच्यासमोर?"

"म्हशी."

मग आम्ही दोघं एकदमच हसलो. कुणाबरोबर एका वेळी हसायची सवय मोडली होती माझी. मी हसताना एक डोळा मिटून घेते हेही मला त्या दिवशी नव्याने आठवलं.

"राहू द्या मॅडम. उद्या या."

"उद्या नाही चालत. कॉल आजच्या आज बंद करावा लागतो."

"मग सावकाश या. मी आहे इथे."

"दोन तास उभे राहणार?"

"बघतो... म्हशी आहेतच सोबतीला."

मी कल्पिता. वय सदतीस. इंडक्शन शेगडीचे डेमो देते. लोक शेगडी विकत घेतात, खोकं घरी आणतात आणि मग तिला घाबरतात. जाळ दिसत नाही ना! म्हणून कंपनी माझ्यासारखीला पाठवते. मी जायचं, शेगडी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची, लोहचुंबक लावून त्यांची भांडी तपासायची. चिकटला तर भांडं चालतं, नाही चिकटला तर नाही. हे सांगितलं की निम्मे नवरे बायकोकडे बघून एकच विनोद करतात आणि मी सहा वर्षं त्याच विनोदाला नव्याने हसते. मग दूध तापवायचं, चहा करायचा, काच कशी पुसायची ते दाखवायचं आणि निघायचं. ठाण्यातल्या कितीतरी घरांत नव्या शेगडीवरचा पहिला चहा माझ्या हातचा आहे. त्यातला घोटभरही मी घेतलेला नाही. ग्राहकाकडे काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम.

राहते कोपरीत, एका खोलीत, एकटी. लग्न झालं होतं, मोडलं. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. घरीही इंडक्शनच. संध्याकाळी वाटीभर तांदळाचा भात लावायचा. जेवून झालं की काच ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्याने पुसायची. वर काही सांडलेलं नसायचं. वाटीभर भात उतू जाऊन जाऊन किती जाणार? पण पुसण्यात दहा मिनिटं जातात, आणि मिनिटं माझ्याकडे भरपूर होती.

तर ते असो.

म्हशी खरंच होत्या. आणि तोही होता. उंच, खांद्यात जरा वाकलेला, डोळ्यांखाली रात्रपाळीचं जागरण. हातात मिटलेली छत्री आणि स्वतः भिजलेला.

"छत्री आहे की तुमच्याकडे," मी म्हटलं.

"हो. तुमच्यासाठी आणलेली." मग स्वतःच दचकून, "म्हणजे... गेटपासून लिफ्टपर्यंत पत्रा नाहीये ना..."

छत्री पुढे करताना त्याची नखं दिसली. कडांना निळाशार रंग.

"रंगाच्या कारखान्यात आहे मी," तो म्हणाला. "निघत नाही हो. सध्या निळा चालू आहे. मागच्या महिन्यात आल्या असतात तर गुलाबी होतो."

त्याचं नाव कमलेश. कमलेश पाटील. लिफ्टमध्ये त्याने सांगितलं, ही बिल्डिंग त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. "इथे आमची खाचरं होती. आता आपण त्यांच्या नवव्या मजल्यावर चाललोय," तो म्हणाला आणि आकडे बदलताना बघत राहिला. मीही आकडेच बघत होते. लिफ्टमध्ये बघायला दुसरं असतंच काय... एक आरसा होता, पण त्याच्यात तो होता.

घरात दोनच माणसं, तो आणि त्याचे वडील नाथाबाबा. पांढरा बनियन, डोक्याला टोपी, खुर्ची टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या तोंडाशी लावलेली. कमलेश माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा गॅस बंद करायचं विसरतात. दोनदा झालं. मी कामावर असतो... सिलिंडर भावाकडे पाठवून दिला. ही आपोआप बंद होते म्हणाले दुकानात."

"भांडं उचललं की बंद होते," मी म्हणाले.

"विस्तव कुठं हाय?" खुर्चीतून आवाज आला.

"विस्तव नसतो बाबा हिला. खालून भांडंच तापतं."

"विस्तव नाय त जेवान शिजल कसा?"

मी दूध ठेवलं. बटण दाबलं. पंखा घुर्र वाजला आणि थोड्या वेळात दूध वर यायला लागलं. नाथाबाबा उठून बघून गेले. पातेल्याखाली वाकून पाहिलं, जाळ नाही, धूर नाही. "भुताटकी हाय," म्हणाले आणि खुर्ची फिरवून टीव्हीकडे तोंड करून बसले. टीव्ही बंदच होता.

डेमो झाला की ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड येतो. तो त्याने सांगायचा, मी माझ्या फोनमध्ये टाकायचा, म्हणजे कॉल बंद.

"आला का कोड?"

"आलाय."

"सांगा."

"सात." तो मोबाइलकडे बघत म्हणाला. "ही काच रोज पुसायची का?"

"रोज. गार झाल्यावर. पुढचा आकडा?"

"दोन. आणि कशाने पुसायची?"

"मऊ ओल्या फडक्याने. डाग राहिला तर थोडं व्हिनेगर. तारेची घासणी लावायची नाही, पाणी ओतायचं नाही, खाली पंख्याची भोकं आहेत. तिसरा?"

"तुम्ही चहा केलात आणि घेतला नाहीत."

"नियम आहे. तिसरा आकडा."

"नऊ." मग मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "चौथा दिसत नाहीये. चष्मा आतल्या खोलीत राहिला."

"चष्मा तुमच्या खिशात आहे."

त्याने खिसा चाचपला. कान लाल झाले त्याचे. अडतिशीच्या माणसाचे कान असे लाल होतात, हे मला माहीत नव्हतं. "शून्य," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी काच पुसता पुसता मी मधेच थांबले. एकटीच हसत होते. पंख्याच्या आवाजाखेरीज खोलीत काही नव्हतं, तेव्हा आपलं हसू जरा मोठंच वाजतं.

पाचव्या दिवशी फोनवर संदेश आला: रिपीट कॉल, पाटील, मानपाडा (डोंबिवली). हुशार कॉम्प्युटरने या वेळी कंस घातला होता.

आता हे रिपीट प्रकरण सांगायला हवं. एकदा डेमो दिला, की महिनाभरात त्याच घरून पुन्हा बोलावणं येणं म्हणजे डेमोवालीने नीट शिकवलं नाही, असं कंपनी धरते. पुन्हा त्याच बाईने जायचं आणि तिच्या नावापुढे एक फुली. एका शेगडीवर दोन फुल्या झाल्या, की बाई घरोघरी जायच्या कामावरून खाली. तिची रवानगी माणकोलीच्या गोडाऊनमध्ये, खोकी मोजायला. पगार तोच. पण तिथे माणसं नाहीत. आणि माझं सगळं बोलणं, सगळ्या ओळखी, कुणाच्या सुनेची तक्रार नि कुणाच्या नातवाचं बोबडं, हे सगळं लोकांच्या स्वयंपाकघरात व्हायचं. ते बंद झालं तर मी दिवसाकाठी कुणाशी बोलणार होते? कोपरीच्या खोलीतल्या भिंतीशी?

तरी गेले. जावंच लागतं, हे खरं. पण निघताना मी कपाटातली अबोली रंगाची ओढणी काढली, हेही खरं.

काचेवर पांढऱ्या ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं. मधोमध लालपिवळा, भाजून काळपटलेला एक डाग.

"काय केलंत हे?"

कमलेशने वडिलांकडे पाहिलं. नाथाबाबा टोपी हातात घेऊन उभे होते, शाळेत उभं केल्यासारखे.

त्यांनी आधी शेगडीची पूजा केली होती. त्यांच्या घरात नवी चूल घातली की पूजा व्हायचीच. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. फूल काढलं, पण हळदकुंकू देवाचं म्हणून तसंच ठेवलं आणि त्यावरच चहाचं भांडं तापवलं. मग डाग बसला तो घालवायला नारळाची शेंडी घेतली आणि नवव्या मजल्यावर चुलीची राख कुठून आणणार, म्हणून उदबत्त्यांची राख गोळा करून घासलं. सखुबाईंनी, म्हणजे कमलेशच्या आईने, पन्नास वर्षं घरातली भांडी अशीच लख्ख केली होती.

"चुकला काय गो माझा, पोरी?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. पूजा करा की. फक्त पुसून घ्या आणि मग शेगडी लावा." मी बाह्या वर केल्या. "ओरखडे आता जायचे नाहीत. डाग जाईल. खायचा सोडा आहे का घरात? आणि एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड?"

कमलेशने ड्रॉवर उपसून कारखान्याचं जुनं ओळखपत्र आणलं. मी सोडा पाण्यात कालवून डागावर थापला, वर ओलं फडकं झाकलं. दहा मिनिटं थांबायचं होतं. मी त्या ओळखपत्रावरचा फोटो बघत बसले.

"हा कोण?"

"मीच. बारा वर्षांपूर्वीचा."

"मिशी बरी होती."

"आईच्या आजारपणात काढली. वेळ नसायचा." तो ओट्याला टेकला. "तेव्हा स्थळं बघत होते घरचे. मग ते पण राहिलं... मिशीसारखंच."

"मिशी परत वाढवता येते."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी फडकं उचललं. कार्ड आडवं, अगदी चपटं धरून डाग हळूहळू खरवडायला लागले. "बघा, असं. टोकाने नाही. उभं धरलं तर अजून ओरखडे."

"द्या, मी करतो."

त्याच्या हाताचा धक्का लागला आणि फडकं खाली पडलं. दोघं एकदम वाकलो नाही, तसलं काही झालं नाही. तोच वाकला. पण उठताना त्याने फडकं मला दिलं नाही. धुऊन, पिळून, चौकोनी घडी करून मग हातात दिलं. माझ्यासाठी कुणी काही घडी करून देण्याला किती वर्षं झाली, ते मी मोजायला गेले आणि सोडून दिलं.

डाग गेला. मी निघणार, तेवढ्यात नाथाबाबा म्हणाले, "यावर भाकरी व्हते काय?"

लोखंडी तवा होता. लोहचुंबक चटकन चिकटला. आमची भाकरी ज्वारीची. तांदळाची मी कधी केलेली नव्हती. मी पीठ थेट मळायला घेतलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगो, उकड काढ आधी! उकडीबिगर तांदलाची भाकरी? फुटल ती!"

मग म्हातारा ओट्याशी आला. पाण्याला उकळी आल्यावर पीठ कसं लोटायचं, झाकण किती वेळ, गरम असतानाच हात ओला करून कसं मळायचं, सगळं सांगत राहिला. मी थापली. पहिली फाटली. "तुझ्या सासूनं काय शिकविला नाय?" "सासू टिकली नाही बाबा." "मेली?" "नाही हो, मीच निघून आले." नाथाबाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरा केला. दुसरी थाप."

दुसरी थापली. जाळ नसताना भाकरी फुगवायची कशी, हाच प्रश्न होता. मी आच थोडी वाढवली, उलटलेली भाकरी ओल्या फडक्याने कडेकडेने दाबत गेले... आणि ती टम्म फुगली. नाथाबाबांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. मग दोन भाकऱ्या सुकटीबरोबर खाल्ल्या, उभ्यानेच.

कमलेश दाराच्या चौकटीला टेकून होता. बघत होता. भाकरीकडे नव्हता बघत.

"दोन वर्षांत बाबा ओट्याशी असे रमले नव्हते," लिफ्टपाशी तो म्हणाला. "कुणाशी भांडले पण नव्हते. आज तुमच्याशी भांडले."

"भांडण कुठे, चांगली गट्टी झाली आमची."

लिफ्ट आली. त्याने दार हाताने धरून ठेवलं. "परत काही अडचण आली तर... फोन करू का कंपनीला?"

इथे मी सांगायला हवं होतं. एक फुली पडलीय, दुसरी पडली की माझं काम जाईल, फोन करू नका. दोन वाक्यं. सहा वर्षं अनोळखी लोकांपुढे घडाघडा बोलणारी मी. आणि मला नेमकी ती दोन वाक्यं सुचली नाहीत... छे, सुचली होती. म्हटली नाहीत.

"बघा तुम्ही," मी म्हणाले.

पुढचे बारा दिवस मी फोन जवळ घेऊन भात खाल्ला. कळव्यात डेमो केले, वागळे इस्टेटला केले, पातलीपाड्याच्या एका बाईने तिच्या तिन्ही सुनांची हकिगत सांगितली. सगळीकडे लोहचुंबक, दूध, चहा, फडकं. तोंडाने मी बोलत होते आणि कान पिशवीतल्या फोनकडे होता.

बाराव्या दिवशी वाजला. रिपीट कॉल, पाटील.

आधी आनंद झाला. मग दुसरी फुली आठवली. कुठलं आधी आणि कुठलं मग, हे मी तुम्हाला खरं सांगतेय. तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं.

पाच मिनिटांत संदेश सरांचा फोन. आमचे एरिया मॅनेजर. "कल्पिता मॅडम, एकाच शेगडीवर दुसऱ्यांदा? तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. हा कॉल बंद करा आणि सोमवारपासून माणकोली. माझ्या हातात काही नाही."

डोंबिवलीला उतरून मी मानपाड्यापर्यंत चालत गेले. राग चालताना आणखी वाढतो. दार उघडलं तर समोर तो, इस्त्रीचा शर्ट, केस ओले, आणि मिशी फुटायला लागलेली. मी थेट स्वयंपाकघरात गेले. शेगडी चकचकीत. भिंतीपासून चार बोटं पुढे. कुठे शिंतोडा नाही.

"अडचण काय आहे?"

"काही नाही, म्हणजे... बाबांना ना, तुमच्या हातची भाकरी..."

"मी कवा सांगितला?" नाथाबाबा खुर्चीतून ओरडले. "मी आपली आपन करतो भाकरी! यो फोन करतो नि माझा नाव पुढं करतो. परवा पन घंटाभर फोन हातान धरून बसलेला. मना काय समजत नाय?"

कमलेश ओट्यावर नजर लावून उभा राहिला. कान पुन्हा लाल. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यावर हसले असते.

"तुमच्या या फोनने माझं काम गेलं," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. फुल्या, गोडाऊन, सोमवार. सांगताना माझा आवाज डेमो देतानाचा होता, पायरीपायरीने. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मला माहीत नव्हतं. आईशप्पथ मला माहीत नव्हतं. मी आत्ता फोन लावून सांगतो त्यांना, की चूक माझी..."

"नका लावू! त्याचीसुद्धा तक्रार म्हणून नोंद करतील."

त्याने फोन खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "मागच्या वेळी लिफ्टपाशी मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?"

खालून म्हशी हाकणाऱ्याची आरोळी आली.

"कारण सांगितलं असतं, तर तुम्ही फोन केला नसता," मी म्हणाले.

बोलून टाकलं आणि वाटलं, पातेलं तसंच टाकून पळावं. तो काहीतरी बोलायला गेला. मी पाठ फिरवून पिशवी आवरायला घेतली, कारण त्याने आता नुसतं 'सॉरी' म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

"कोड," मी म्हटलं.

"सहा एक चार तीन."

एका दमात. चष्मा नाही, चहा नाही, मधे एकही प्रश्न नाही. त्याला वाटलं असणार, हिला लवकर मोकळी करावी, आधीच एवढं नुकसान केलंय आपण. मला वाटलं, संपलं. लिफ्टपर्यंत तो आला नाही.

गोडाऊन म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. खोक्यांच्या भिंती. मी खोक्यावर यंत्र धरायचं, ते 'टूं' करायचं, पुढचं खोकं. जेवणाच्या सुट्टीत दरवाज्याशी बसायचं, समोर कंटेनर मागेपुढे होत असायचे. पहिल्या दिवशी मी आठ तासांत अकरा शब्द बोलले, मोजले. त्यातले चार 'हो' होते. त्या खोक्यांमधल्या शेगड्या कुणाकुणाच्या घरी जाणार, तिथे कोण कोण असेल, कोण जाळ शोधेल, असं मनात रंगवत दिवस काढायचे. एकदा एका खोक्याला मी मोठ्याने म्हणाले, "भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायला सांग त्यांना." मग आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतंच.

त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. कॉल बंद झाला, की ग्राहकाचा नंबर आमच्या फोनमधून आपोआप नाहीसा होतो, आणि त्याला माझा कधी दिसतच नाही. पत्ता मात्र पाठ होता. तीन रविवार मी पत्ता मनातल्या मनात म्हणत घरी बसले. ग्राहकाच्या घरी कामाशिवाय जायचं नाही, असाही एक नियम होता. तिसऱ्या रविवारी दुपारी, काच दुसऱ्यांदा पुसताना माझ्या लक्षात आलं, की गोडाऊनवाल्या बाईला ग्राहक नसतात. मग नियम कुणासाठी पाळतेय मी?

फडकं तिथेच टाकलं आणि निघाले.

नाथसागर हाइट्सच्या गेटवर वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहिलं. फ्लॅट लिहिला. पुढचा रकाना, कामाचं कारण. दोनदा-तीनदा मी तिथे कंपनीचं नाव लिहिलं होतं, काही न वाटता. आता पेन अडलं.

"मॅडम, कारण लिहा. सेक्रेटरी ओरडतात," वॉचमन म्हणाला.

मी एक आडवी रेघ ओढली.

दार कमलेशनेच उघडलं. मिशी बऱ्यापैकी आली होती. मला बघून तो एक पाऊल मागे गेला, मग दोन पुढे आला आणि आपल्यामागे दार लोटून बाहेर जिन्यापाशी उभा राहिला.

"मी दोन रविवार माणकोलीला जाऊन आलो," हे त्याचं पहिलं वाक्य. "तिथे गोडाऊन किती आहेत माहितीये तुम्हाला? वॉचमन विचारतात, कोण पाहिजे? मी म्हणतो, कल्पिता. ते म्हणतात, आडनाव काय. तर मला आडनावच..."

"मोहिते."

"मोहिते," तो स्वतःशी म्हणाला, कुठेतरी लिहून ठेवल्यासारखा.

"रविवारी गोडाऊन बंद असतं," मी म्हटलं.

"ते दुसऱ्या वेळी कळलं."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही अर्धवट. जिन्याच्या खिडकीतून एमआयडीसीचा तो उग्र, ओलसर वास येत होता. त्याची नखं आता हिरवी होती.

"बाबा सारखे विचारतात, की ती पोरगी..."

"बाबांचं नको," मी म्हटलं. "बाबांचं मला कळलं. तुमचं सांगा."

त्याने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या चपलांकडे. मी थांबले. मला घाई नव्हती; घाई असल्याचं सोंग मी सहा वर्षं करत आले होते.

"मी..." तो म्हणाला. "पाळीवरून घरी येतो तेव्हा लिफ्टमध्ये वाटतं, दार उघडेल तेव्हा तुम्ही ओट्याशी असाल. मग म्हणतो, येड्या, त्या काय तुझ्याकडे भाकऱ्या थापायला बसल्यात? तसं नाही. तुम्ही काहीच करू नका. मी थापतो. फाटतात माझ्या, पण थापतो. तुम्ही नुसत्या असा. म्हणजे... मला तुम्ही आवडता. बाबांना नाही. त्यांना पण आवडता, पण हे मी माझं सांगतोय."

इतकं बोलून तो घामाघूम झाला होता.

"माझं काम तुमच्यामुळे गेलंय, हे विसरणार नाहीये मी," मी म्हटलं.

"नका विसरू."

"उद्या सोमवार. उद्या परत खोकीच आहेत."

"माहितीये."

"आणि तुम्ही मलाही आवडता," मी म्हटलं. हे मात्र डेमोच्या आवाजात जमलं नाही. पण त्याला ऐकू गेलं, कारण कान...

"कोन आयला रं?" आतून नाथाबाबा ओरडले.

"आलोच बाबा!" तो ओरडला, पण हलला नाही. "उद्या किती वाजता सुटता?"

"सहाला."

"मग कोपरीला जाताना मानपाडा मधेच येतं."

"येत नाही," मी म्हटलं. "माणकोलीहून कोपरी एका रस्त्याला आणि मानपाडा दुसऱ्या. खाडी ओलांडून पार उलट्या दिशेला."

"पूल झालाय ना पण आता, मोठागावचा. पुलावरून आलं की डोंबिवली. तिथून दोन रिक्षा बदलायच्या."

"दोन रिक्षा बदलून उलटं जायचं, त्याला 'मधे' म्हणतात?"

"मी तसाच गेलो-आलोय दोनदा. मधेच येतं."

जन्मापासून मी ठाण्यात राहते. कुठून कुठे जाताना काय लागतं, ते मला चांगलं कळतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो अगदी गंभीरपणे उभा होता, रस्त्याची खात्री असलेल्या माणसासारखा.

"येत असेल," मी म्हटलं.